ते सध्या काय करतात?

फेब्रुवारी २००९. मिरज. आमच्या घरात तेव्हा एकच मोबाइल होता, बाबांचा. बाबा सहकारी बँकेत कॅशियर, पै-पैचा हिशोब ठेवणारे. त्या आठवड्यात मात्र त्यांनी दोनदा रिचार्ज मारलं. 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ची महाअंतिम फेरी तोंडावर आली होती आणि प्रथमेश लघाटेला मतं द्यायची होती. मत नाही, मतं. जेवण झालं की बाबा दारातल्या पायरीवर बसून तोच एसेमेस पुन्हा पुन्हा पाठवायचे. आजी आर्या आंबेकरच्या बाजूची. तिला मोबाइल वापरता यायचा नाही, म्हणून ती आतून ओरडायची, "दोन माझ्यातर्फे आर्याला टाक रे." बाबा म्हणायचे, "टाकले." टाकले नव्हते, हे त्यांनी मला आजी गेल्यावर सांगितलं.

जिंकली आळंदीची कार्तिकी गायकवाड. आमच्या गल्लीत दोन दिवस निवडणूक हरल्यासारखं वातावरण होतं.

तुम्ही तेव्हा फारच लहान असाल तर थोडक्यात सांगतो. पल्लवी जोशी निवेदन करायची, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. गुण आकड्यांत नव्हते, सुरांत होते. 'ध' म्हणजे बरं, 'नी' म्हणजे उत्तम, आणि 'वरचा सा' मिळाला की घरी आम्हीच टाळ्या वाजवायचो. शेवटच्या पाचांत कार्तिकी, आर्या, प्रथमेश, लातूरचा रोहित राऊत आणि अलिबागची चिमुरडी मुग्धा वैशंपायन. त्यांना 'पंचरत्न' म्हणायचे. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि गाणं शिकत होतो, त्यामुळे माझ्यासाठी हा कार्यक्रम करमणूक नव्हता. टीव्हीत दिसणारी ही मुलं माझ्याच वर्गातल्या मुलांसारखी होती, एवढाच फरक की ती आत होती आणि मी बाहेर.

त्या आत-बाहेरबद्दल मी गेलं वर्षभर विचार करतोय. निमित्त झालं 'बिग बॉस मराठी'चं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचव्या सीझनचा शेवट होता. पुण्यात फ्लॅटवर आम्ही चौघे रूममेट्स लॅपटॉपवर बघत होतो. शेवटी मंचावर दोघं उरले, अभिजीत सावंत आणि सूरज चव्हाण. एक २००५ चा पहिला 'इंडियन आयडल', दुसरा बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, आधी टिकटॉक आणि मग रील्सवरून लोकांना माहीत झालेला. रितेश देशमुखनं सूरजचा हात वर केला. आमच्यातला एक जण म्हणाला, "संपलं टॅलेंट." दुसरा म्हणाला, "अरे, अभिजीतपण मतांवरच जिंकला होता की." मला त्या रात्री नीट झोप लागली नाही, कारण दुसऱ्याचं म्हणणं बरोबर होतं.

आता जरा मागे जाऊ. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा आयडलनं आणल्या नाहीत. झी टीव्हीवरचं जुनं 'सा रे ग म' १९९५ पासूनचं, सूत्रसंचालक तरुण सोनू निगम. तिथे बसलेले ज्येष्ठ गायक-संगीतकार गुण द्यायचे आणि निकाल लागायचा. दूरदर्शनवर 'मेरी आवाज सुनो' होतं, १९९६ मध्ये तिथे सुनिधी चौहान जिंकली. श्रेया घोषाल 'सा रे ग म'मध्ये गायली, संजय लीला भन्साळींच्या आईनं तिला टीव्हीवर ऐकलं आणि पुढे 'देवदास' आला. म्हणजे त्या काळात कार्यक्रम ही खिडकी होती. खिडकीतून तुम्हाला कुणीतरी बघायचं, मग तुम्ही कुठेतरी जायचात, तिथे काम करायचात, आणि प्रसिद्धी मिळालीच तर त्या कामामुळे मिळायची. श्रेया घोषालला आज कुणी 'सा रे ग म'ची विजेती म्हणून ओळखत नाही.

२००४ च्या ऑक्टोबरात सोनीवर 'इंडियन आयडल' आलं. मूळ साचा ब्रिटनमधल्या 'पॉप आयडल'चा, मधे अमेरिकेत तो भलताच चालला होता. या साच्यात तीन गोष्टी नव्या होत्या. ऑडिशनला जमलेली गर्दी, अगदी बेसूर गाणाऱ्यांसकट, हाच कार्यक्रमाचा भाग झाला. दर आठवड्याला कुणीतरी घरी जायचं. आणि कुणी जायचं ते घरात बसलेले लोक फोनवरून ठरवायचे. परीक्षक फक्त मत मांडणार, मत देणार आपण.

ऐकायला किती लोकशाही वाटतं! आणि खरं सांगतो, त्यातलं काहीतरी लोकशाही होतंही. लातूर, अलिबाग, आळंदी इथल्या पोरांना मुंबईत कुणी काका-मामा नसताना महाराष्ट्रभर ऐकलं गेलं, हे या साच्यामुळेच. माझ्या वर्गातली मुलं नाट्यगीतं गुणगुणायला लागली ती प्रथमेशमुळे, संगीताच्या तासामुळे नाही. हे नाकारून या कार्यक्रमांना सरसकट नावं ठेवणारे काका मला पटत नाहीत.

पण मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे माझं लक्ष वेगळीकडे जातं. ही मतदानाची सिस्टिम नेमकं काय मोजत होती? एका माणसाला एक मत, असं बंधनच नव्हतं. बाबांसारखा एकटा माणूस पन्नास मतं देऊ शकत होता आणि आजीसारखी बाई शून्य. आमच्या टीममध्ये एखाद्या नवख्या पोरानं असं डिझाइन आणलं तर पहिल्याच रिव्ह्यूत परत पाठवलं जाईल. पण इथे ती चूक नव्हती. एसेमेस नेहमीपेक्षा महाग होता, त्यातले पैसे मोबाइल कंपनी आणि चॅनेल यांच्यात वाटले जायचे. जितक्या वेळा पाठवाल तितकं बरंच! त्यामुळे किती लोकांना गाणं आवडलं हे त्यात कळतच नव्हतं. कळत होतं ते हे, की किती लोक कुणासाठी किती पेटलेत. आवड आणि ईर्षा यांत फरक आहे. ज्याचं गाणं दहा लाख लोकांना बऱ्यापैकी आवडतं तो हरणार, आणि ज्याच्यासाठी एक लाख लोक रात्रभर बटणं दाबतील तो जिंकणार.

याचं सर्वात मोठं उदाहरण २००७ चं. 'इंडियन आयडल'च्या तिसऱ्या सीझनमध्ये प्रशांत तमांग होता, दार्जिलिंगचा नेपाळी बोलणारा मुलगा, कोलकाता पोलिसांत कॉन्स्टेबल. त्याच्यासाठी दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गण्या काढल्या, एसेमेस पाठवायला टेबलं मांडून बसले. त्याच्यासमोर शेवटी शिलाँगचा अमित पॉल होता. प्रशांत जिंकला. नंतर दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकानं त्याच्या जमातीवर हिणकस विनोद केला आणि सिलिगुडीत दंगल झाली. प्रशांतच्या चाहत्यांच्या मोहिमेत पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी त्याच ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला, आणि वर्षानुवर्षं दार्जिलिंगवर वचक असलेले सुभाष घिशिंग बघता बघता बाजूला पडले. एका गाण्याच्या स्पर्धेतून वेगळ्या राज्याची चळवळ पुन्हा उभी राहिली! मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्यांना देशाच्या टीव्हीवर आपला चेहरा कधी दिसलाच नव्हता, त्यांना दिसला, आणि त्यांनी खिशातले पैसे काढले. पण या सगळ्यात प्रशांतच्या गाण्याचं काय झालं? त्याबद्दल तेव्हाही फार कुणी बोलत नव्हतं.

मराठी माणसाला प्रेक्षकाच्या सत्तेची सवय नवी नाही. संगीत नाटकात 'वन्समोअर' होता. पब्लिकला पद आवडलं की ते आरोळी द्यायचं आणि नटाला पुन्हा गायला लागायचं. नाटकवाले प्रेक्षकांना 'मायबाप' म्हणायचे ते उगीच नाही. पण वन्समोअर आणि एसेमेस यांच्यात मला एक मोठा फरक दिसतो. वन्समोअर त्या पदाला होता, त्या क्षणाला, ते कानांत असतानाच. पुढचं पद पडलं तर तोच नट गप्प ऐकून घ्यायचा. एसेमेस गाण्याला जात नाही, माणसाला जातो. गाणं संपल्यावर, जाहिराती लागल्यावर, कोड आणि नाव टाइप करून. आणि माणसाला मत द्यायचं तर माणूस माहीत हवा.

म्हणून मग गोष्टी आल्या. गाण्याआधीची ती दोन-तीन मिनिटांची फिल्म आठवा. पत्र्याचं घर, शिलाई मशीन, गावच्या पारावर बसलेले म्हातारे, कॅमेऱ्याकडे न बघता बोलणारे वडील. मागे बासरी. मग मंचावर गाणं, मग परीक्षकाच्या डोळ्यांत पाणी. २०२१ मध्ये 'इंडियन आयडल'च्या किशोरकुमार विशेष भागानंतर अमितकुमार यांनी उघड सांगितलं की आपल्याला सगळ्यांचं कौतुक करायला सांगितलं होतं. गदारोळ झाला. मला आश्चर्य वाटलं ते लोकांना आश्चर्य वाटल्याचं. साच्याला गाण्याचं परीक्षण नकोच आहे. त्याला गोष्ट पुढे जायला हवी आहे आणि कौतुक हे त्या गोष्टीचं इंधन आहे. गरिबीतून आलेल्या मुलांच्या गरिबीबद्दल मला शंका नाही, ती खरीच असते. पण गरिबी दाखवल्याशिवाय तुमचा षड्ज पूर्ण होत नाही, हे शिकवलं कुणी? आणि मध्यमवर्गातल्या, सगळं बरं चाललेल्या पोरानं काय करायचं? माझ्याकडे सांगण्यासारखं दुःखच नव्हतं. बाबा कॅशियर, आई गृहिणी, घर स्वतःचं. ऑडिशनच्या फॉर्मवर 'तुमच्याबद्दल काही विशेष' असा रकाना होता. आईनं बराच विचार करून लिहिलं, 'आजीचा लाडका.'

हो, मी गेलो होतो. बारा वर्षांचा होतो. कार्यक्रमाचं नाव सांगत नाही, त्यानं फरकही पडत नाही. मिरजेहून पहाटेच्या एसटीनं कोल्हापूर, एका शाळेच्या मैदानात रांग, शर्टाला नंबराचं स्टिकर. दुपारी अडीचला आत गेलो. टेबलामागे दोन तरुण माणसं, दोघांच्या पुढ्यात वडापावचे कागद. मुखडा झाला, अंतऱ्याची पहिली ओळ झाली, एक जण म्हणाला, "थँक यू, बेटा." साधारण चाळीस सेकंद. ते वाईट वागले नाहीत. बाहेर तेव्हाही दोन-तीनशे मुलं होती, त्यांनी तरी काय करायचं?

मी गाणं सोडलं ते त्या दिवशी नाही. दोन-तीन महिन्यांनी सोडलं, आणि कुणी सोडायला लावलं नाही. आठवी जवळ आली होती, स्कॉलरशिप होती, नंतर इंजिनिअरिंगची तयारी. पण आता विचार केला की कळतं, माझ्या डोक्यात निकाल लागून गेला होता. गाणं म्हणजे ज्याच्या शेवटी टीव्ही आहे अशी वाट, आणि टीव्हीनं नाही म्हटलं तर वाट संपली. आमच्या घरात कुणी मला असं सांगितलं नव्हतं. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जिथे दर्ग्याच्या उरुसाला अजूनही रात्रभर गाणारे हजेरी लावतात, जिथे तंबोरे तयार होतात, त्या गावातल्या पोराला गाण्याची दुसरी एकही वाट दिसू नये? दर्ग्यात गाणाऱ्यांना कुणी 'नी' देत नव्हतं की घरी पाठवत नव्हतं. ते मी लहानपणापासून बघत होतो. पण ते टीव्हीवर नव्हतं, त्यामुळे ते मोजायचं असतं हे मला माहीतच नव्हतं.

जिंकणाऱ्यांचं काय होतं, हा दुसरा भाग. सतीश राजवाडेंचा 'ती सध्या काय करते' २०१७ मध्ये आला. त्यात आपली आर्या होती. सिनेमाचा विषय पहिलं प्रेम, पण ते नाव ऐकल्यावर माझ्या डोक्यात आलं की स्पर्धेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाबद्दल आपण हाच प्रश्न विचारतो. प्रश्नात काळजी असते आणि थोडी वसुलीही. आम्ही मतं दिली होती, त्याचं काय केलंस? अभिजीत सावंतचा २००५ चा अल्बम आमच्या शेजारच्या दादाकडे दिवसरात्र वाजायचा. पुढे त्यानं 'इंडियन आयडल'च्याच एका सीझनचं सूत्रसंचालन केलं, सिनेमात काम केलं, गात तर राहिलाच. पण २०२४ मध्ये बिग बॉसच्या घरात त्याची ओळख करून देताना अजूनही तेच, पहिला इंडियन आयडल. एका रात्रीत दिलेलं बिरुद वीस वर्षांत निघत नाही आणि भरतही नाही.

रोहित राऊतचं मला याहून जास्त लागतं. लिटिल चॅम्प्सनंतर दहा वर्षांनी तो 'इंडियन आयडल'च्या अकराव्या सीझनमध्ये पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला आणि २०२० मध्ये उपविजेता झाला. परत ऑडिशन, परत लोकांना मतं द्या म्हणणं. इंजिनिअरिंगमध्ये दहा वर्षं काम केलेल्या माणसाला पुन्हा कॅम्पस इंटरव्ह्यूला बसवलं तर कसं वाटेल? त्यानं ते मजेत केलं असेल, मला ठाऊक नाही, त्याच्या वतीनं रडायचा मला अधिकार नाही. पण साच्याबद्दल यातून एक कळतं. इथली प्रसिद्धी साठत नाही. नव्या सीझनला पाटी कोरी.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. अरिजित सिंग २००५ च्या 'फेम गुरुकुल'मधून बाहेर पडला होता, नेहा कक्कर 'इंडियन आयडल'मध्ये हरली आणि नंतर तिथेच परीक्षक झाली, तेव्हा हरलात तरी चिंता नको! हे फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल. यातली गफलत कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या धड्यात शिकवतात. आपण वाचलेल्यांनाच मोजतोय. कोल्हापूरच्या त्या मैदानातली दोन-तीनशे पोरं या फॉरवर्डमध्ये नाहीत. शिवाय अरिजित पुढे गेला तो स्पर्धेमुळे की स्पर्धा विसरून वर्षानुवर्षं स्टुडिओत पडेल ते काम केल्यामुळे? तो काळ कुठल्याच चॅनेलनं दाखवला नाही. दाखवण्यासारखं त्यात काय होतं?

पंचरत्नांचं मात्र थोडं निराळं झालं, आणि हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. आज कुणाला विचारा, त्या वर्षी कोण जिंकलं? निम्मे लोक अडखळतात. पण पाचही नावं एका दमात सांगतात. २०२१ मध्ये त्याच पाच जणांना नव्या लिटिल चॅम्प्सचे ज्युरी म्हणून बसवलं. २०२३ मध्ये मुग्धा आणि प्रथमेशचं लग्न झालं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर घरचं कार्य असल्यासारखे मेसेज आले, आत्यानं तर मुग्धाच्या साडीवर मत दिलं. आम्ही रिचार्ज संपवून लावलेला निकाल आम्हीच विसरलो, आणि गाणारी पाच मुलं लक्षात राहिली. कदाचित तेव्हा महिनोन् महिने त्यांना पूर्ण गाणी गाऊ दिली म्हणून असेल. कदाचित आपणही लहान होतो म्हणून.

आणि आता सूरज. माझ्या रूममेटचं "संपलं टॅलेंट" मला मान्य नाही. आई-वडील लहानपणी गेलेला, नीट शिकायला न मिळालेला मुलगा आपल्या बोलण्याच्या लकबीवर लोकांना हसवत राहिला, आधी लोक त्याला हसले, मग त्याच्यावर प्रेम करू लागले. पुढे केदार शिंदेंनी त्याला 'झापुक झुपूक'मध्ये नायक केलं. त्याच्या विजयावर पुण्या-मुंबईच्या टाइमलाइनवर जे लिहिलं गेलं त्यातल्या बऱ्याच भागाला जातीचा आणि इंग्रजी शाळेचा वास होता. वीस वर्षं आपणच साच्याला शिकवत आलो की गाण्याआधीची फिल्म महत्त्वाची. एक दिवस कुणीतरी गाणं काढून टाकलं आणि नुसती फिल्म ठेवली. अभिजीत त्या घरात गाऊन मतं मिळवू शकत नव्हता. तिथे त्याला माणूस म्हणून उभं राहायचं होतं, आणि तो सभ्य, शांत माणूस निघाला. सभ्य माणसासाठी रात्रभर बटणं कोण दाबणार?

सूरजला मिळालेल्या प्रेमाची मला असूया वाटत नाही, भीती वाटते. ते प्रेम त्यानं केलेल्या कामाला चिकटलेलं नाही, त्याला चिकटलंय. काम वाईट झालं तर माणूस दुसरं काम करतो. आपणच नकोसे झालो तर काय करतो?

गेल्या दिवाळीत मिरजेला गेलो तेव्हा बाईंकडे गेलो. माझ्या गाण्याच्या बाई. सोळा वर्षांनी. त्याच खोलीत क्लास चालू होता, सतरंजी नवी, पेटी तीच. मला वाटलं होतं त्या या सगळ्याला नावं ठेवतील आणि मला लेखासाठी चार वाक्यं मिळतील. त्या म्हणाल्या, "आता ऑडिशन बॅच वेगळी घेते. शनिवार-रविवार. दीड मिनिटात हरकत, मुरकी, वरची पट्टी सगळं दाखवायला शिकवायचं. फी दुप्पट." मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाल्या, "अरे, त्याच बॅचच्या पैशांवर ही सकाळची बॅच चालते. यातली पाच पोरं फी देत नाहीत." सकाळच्या बॅचला सात मुलं होती. एक मुलगी सारखी तंबोऱ्याच्या ॲपशी खेळत होती.

मग मुलं गेल्यावर त्या म्हणाल्या, "म्हण काहीतरी. ते कोल्हापूरला म्हटलं होतंस ते म्हण."

पट्टी दोन सुरांनी खाली घेतली. मुखडा आला, पहिला अंतरा आला, चाल जशीच्या तशी आठवत होती. बाईंनी पेटीवर दुसऱ्या अंतऱ्याचा सूर दिला आणि थांबून माझ्याकडे बघितलं. मला शब्द येत नव्हते. विसरलो असं मी म्हणालो.

"विसरला नाहीस," बाई म्हणाल्या. "तो आपण बसवलाच नव्हता. तिथपर्यंत ऐकणार कोण, म्हणाला होतास." मग त्यांनी कपाटातून वही काढली.